बॅटरीपासून वीतभर

माझं जळगावात गाड्यांच्या वायरिंगचं दुकान आहे. सीट कव्हर, हॉर्न, दिवे असं सगळं ठेवतो, पण लोक येतात ते मुख्यतः गाणी वाजवायची सिस्टीम बसवून घ्यायला. आमच्या खानदेशात गाडीत आवाज नसेल तर गाडी घेतल्यासारखं वाटत नाही. नुसत्या टेपवर भागत नाही, मागे अँप्लिफायर लागतो, मोठे वूफर लागतात. हे काम मी मिसरूड फुटल्यापासून करतोय आणि ते मला येतं. हे आधीच सांगतो, कारण पुढचं वाचून कोणाला वाटेल की मला माहीत नव्हतं. माहीत होतं.

अँप्लिफायरला करंट फार लागतो. डॅशबोर्डमागच्या बारीक वायरींतून तेवढा मिळत नाही. म्हणून थेट बॅटरीच्या प्लसपासून करंगळीएवढी जाड वायर काढायची, इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्याच्या भोकातून आत घ्यायची आणि दाराखालच्या पट्टीतून मागे न्यायची. पत्र्याची कड सुरीसारखी असते, म्हणून भोकात रबराची रिंग घालायची. आणि वायरीवर एक फ्यूज बसवायचा, तो बॅटरीपासून वीतभर अंतरावर, बॉनेटच्या आतच. पुष्कळांना वाटतं हा फ्यूज अँप्लिफायर वाचवायला असतो. तो वायरीसाठी असतो. वायर वाटेत कुठे घासली, सोलली आणि पत्र्याला टेकली, तर बॅटरीतला सगळा करंट तिच्यातून धावतो आणि ती भट्टीतल्या सळईसारखी लाल होते. फ्यूज सुरुवातीलाच असला तर तो उडतो आणि पुढची सगळी वायर गार पडते. फ्यूज मागे, अँप्लिफायरजवळ असला, तर बॅटरीपासून तिथपर्यंतच्या वायरीला राखणारं कोणी नसतं.

माझ्या दाजींच्या गाडीत मी फ्यूज मागे बसवला.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, यजमान. धुळ्याला राहायचे. त्यांची एक जुनी, बंद टपाची जीप होती, ती भाड्याने फिरायची. लग्नसराईत, ज्यांना डीजेची मोठी गाडी परवडत नाही अशा घरांच्या वरातीपुढे ती चालायची. मागचं दार वर उचललेलं, आत दोन वूफर, आणि मागे अहिराणी गाण्यांवर नाचणारं सगळं गाव. दाजी पहिल्या गिअरमध्ये गाडी सरकवत स्वतःही खांदे उडवायचे. सिस्टीम मीच बसवून दिली होती आणि पहिल्यांदा अगदी नियमाने बसवली होती. फ्यूज पुढे, बॅटरीशेजारी.

मग दोंडाईच्याकडच्या एका गावात, वरात मारुतीच्या देवळासमोर रंगात आलेली असताना फ्यूज उडाला. दाजींनी आवाज पार शेवटपर्यंत वाढवला होता. गाडी थांबवून, तापलेल्या इंजिनवर वाकून, उजेडासाठी मोबाइल तोंडात धरून त्यांना फ्यूज बदलावा लागला. नाचणारे ताटकळले. नवरदेवाचा मामा सगळ्यांसमोर म्हणाला, “गाडीवाले, राहू द्या तुमचा बाजा. आमच्या म्हशीच्या गळ्यातली घंटा आणतो सोडून.” लोक हसले. वरात मध्येच थांबणं आमच्याकडे बरं समजत नाहीत, आणि वरात थांबवणारा गाडीवाला पुढच्या लग्नात कोणाला नको असतो.

हे मला दाजींनीच सांगितलं. मामाची नक्कल करत, हसत सांगितलं, पण त्यांना ते लागलं होतं. मी हत्यारांची पिशवी घेऊन धुळ्याला गेलो होतो. त्यांच्या घरी अहिराणीच बोलतात. इथे मी बहुतेक बोलणं साध्या मराठीत लिहितोय, पण दाजींचे शब्द मला बदलवत नाहीत.

“शालकबुवा,” ते म्हणाले, “फ्यूज मांगे लई ले. मांगलं दार उघडंच ऱ्हास. उडना ते तठेच बदली टाकसू. नाचणारासले कळाव बी नही.”

मी म्हणालो, “दाजी, फ्यूज पुढेच पाहिजे. नियम आहे तो.”

“नियम तुन्हा, गाडी मन्ही. तुले जमत नशी ते सांग, गल्लीतला मिस्तरी करी देई.”

आमच्याकडे बहिणीच्या नवऱ्याला नाही म्हणायची पद्धत नाही. त्याने मागितलं की द्यायचं. पण या पद्धतीच्या आड मी लपणार नाही, कारण नाही न म्हणताही मला ते काम नीट करता आलं असतं. दोन फ्यूज लावायचे. पुढे वायरीच्या ताकदीप्रमाणे मोठा, मागे त्याहून लहान. आवाज वाढला की मागचा लहान उडतो, तो बसल्या जागी बदलता येतो, आणि पुढचा मोठा वायरीला राखत बसतो. मला हे त्याच वेळी सुचलं होतं. पण माझ्या पिशवीत फ्यूज बसवायचं दुसरं घर नव्हतं, म्हणून पुढचंच काढून मी मागे लावलं. अक्काने आतून हाक मारली की ताटं वाढलीत, रस गरम होतोय. मी म्हटलं, दुसरं घर पुढच्या खेपेला आणून बसवू. हात धुतले आणि जेवायला बसलो.

पुढच्या खेपा पुष्कळ झाल्या. दर वेळी अंगणातली जीप पाहिली की मला ते आठवायचं. पण चहा घेऊन बसल्यावर उठून बॉनेट उघडायचं म्हणजे दाजी विचारणार, काय रे, काय राहिलं. मग सांगावं लागलं असतं की मागच्या वेळी मी तुमची गाडी धोक्यात ठेवून गेलो. तेवढं सांगायची मला लाज वाटली. आणि जीप तर मजेत चालली होती. एकाही वरातीत ती पुन्हा थांबली नाही. दाजी कौतुकाने सगळ्यांना सांगायचे की ही करामत आमच्या शालकाची.

भोकात रबराची रिंग मी घातली होती. पण आमच्या उन्हात रबर किती टिकणार. दोन-चार उन्हाळ्यांत ते बिस्किटासारखं कडक होतं आणि तुकडे पडून गळून जातं. त्यानंतर वायर आणि पत्र्याची कड यांच्यामध्ये फक्त वायरीचं प्लॅस्टिक उरतं, आणि गाडी हलते तसं ते कापलं जातं.

वैशाखातल्या एका दुपारी दाजी पारोळ्याहून रिकामी जीप घेऊन धुळ्याला परत येत होते. पायाखालून जळका वास आला. त्यांनी गाडी कडेला घेतली, उतरून बॉनेट उघडलं. वायर लाल झालेली होती. पकड शोधायला वेळ नव्हता. त्यांनी उजव्या हाताने ती धरली आणि झटका देऊन बॅटरीपासून उपटली. तोवर आतल्या सतरंजीने पेट घेतला होता. जीपचा सांगाडा उरला. वायरीवरचं वितळलेलं प्लॅस्टिक त्यांच्या तळहाताला चिकटून बसलं होतं.

दवाखान्यातून सुटल्यावर ते मला घेऊन जीप बघायला गेले. हात गळ्यात बांधलेला. सांगाडा एका गॅरेजच्या मागे ओढून ठेवला होता. मागचा भाग पुढच्याइतका जळला नव्हता. अँप्लिफायरजवळ फ्यूजचं घर तसंच होतं, एका बाजूने वाकलेलं. त्याच्या काचेतून आत दिसत होतं. फ्यूज शाबूत होता. उडाला नव्हता, कारण आग त्याच्या अलीकडेच लागली होती. तो पुढे असता तर आग लागलीच नसती. एवढं कळण्याइतकी गाडी दाजींना माहीत होती. त्यांनी फ्यूजकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“काढी टाक ते,” ते म्हणाले.

मी काढला. हातात धरून उभा राहिलो.

“मी सांगसू का फ्यूज उडे म्हनीसन मीच तठे जाड तार बांधी व्हती. कोन्हलेबी खरं वाटी. समदा तेच करतस.”

मी म्हणालो, “दाजी, मी अक्काला सांगतो.”

“काय सांगशी? तिन्हा मायबाप नहीत. तुन्हं घर हाईच तिन्हं माहेर. तू बी गया, ते ती आखाजीले कोठे जाई?” मग म्हणाले, “आन मूर्ख ते मी शेच. तुन्ही अक्का रोज सांगस.”

मी तो फ्यूज खिशात टाकला. त्या क्षणी मला काय वाटलं तेही लिहायला हवं. मला सुटल्यासारखं वाटलं.

आखाजी म्हणजे अक्षयतृतीया. खानदेशात सासुरवाशिणी त्या सणाला माहेरी येतात. भावाने मुराळी म्हणून जायचं आणि बहिणीला घेऊन यायचं. आल्यावर झोके बांधायचे, गाणी म्हणायची, मनाला येईल तेव्हा उठायचं, कोणी काही सांगायचं नाही. आई-वडील गेल्यावरही अक्काची एक आखाजी मी चुकवली नाही. आमच्या दारच्या निंबाला झोक्याचा दोर मी स्वतः बांधायचो, स्वतः बसून ताण बघायचो, मग तिला बसू द्यायचो. आगीनंतरही ती दर वर्षी आली. दाजींनी माझ्या घराचं माहेरपण राखलं होतं आणि मी ते फुकट वापरत होतो.

त्याची किंमत दाजी देत होते. त्यांची बोटं पुन्हा पूर्ण उघडली नाहीत, नीट मिटलीही नाहीत. गाडी चालवणं संपलं. दोंडाईच्याच्या बाजारात एका मिरचीच्या व्यापाऱ्याकडे ते वजन करायला लागले. धुळ्याहून रोज एसटीने जायचे. मिरचीची धूळ त्या कातड्यावर बसली की आग व्हायची, म्हणून हाताला ओलं फडकं गुंडाळायचे. आणि घरी आल्यावर अक्का त्यांना बोलायची.

अक्का वाईट नव्हती. जीप गेली, धंदा गेला, नवऱ्याचा हात गेला, आणि हे सगळं त्याच्याच आडमुठेपणामुळे झालं, असं तिला सांगितलेलं होतं. तिच्या जागी कोणीही बोललं असतं. एका आखाजीनंतर दाजी तिला न्यायला आमच्याकडे आले होते. माझी बायको वाढत होती. अक्का म्हणाली, “हळू वाढ गं. त्यांचा उजवा हात आता शोभेचा आहे. स्वतःच फ्यूजमध्ये तार बांधली, आता मिरच्या मोजतात.”

दाजी डाव्या हातात चमचा धरून रस खात होते. ते म्हणाले, “मिरच्या मोजस म्हनीसन ते तुन्हा तोंडना तिखटपना सोसस.” सगळे हसले, अक्काही हसली. मी ताटात बघत राहिलो. जेवण झाल्यावर दाजींनी माझ्या खांद्यावर तो हात ठेवला आणि विचारलं, “धंदा कसा शे?” त्यांना खरंच ते जाणून घ्यायचं होतं.

मी मनाशी ठरवायचो की या खेपेला अक्काला सांगू. धुळ्याच्या स्टँडवर उतरेपर्यंत ते पक्कं असायचं. मग ती दारात दिसायची, पिशवी भरून तयार, माहेरी निघालेल्या बाईच्या चेहऱ्याने, आणि माझं तोंड उघडायचं नाही.

गेल्या दिवाळीनंतर दाजी गेले. बाजारात, वजनकाट्याजवळच, छातीत कळ आली आणि खाली बसले ते उठलेच नाहीत. तिरडीवर त्यांचे दोन्ही हात सरळ ठेवायचा प्रयत्न केला. डावा राहिला. उजव्या हाताची बोटं तशीच अर्धी वाकलेली राहिली, काहीतरी धरल्यासारखी. रडणाऱ्या बायकांमध्ये अक्काचा आवाज मला ऐकू येत होता. ती म्हणत होती, “किती सांगितलं, कधी ऐकलं नाही माझं.” शेवटचा निरोप देतानाही तिच्या तोंडी तोच बोल होता, आणि तो माझ्यामुळे होता.

हिवाळा सरताना अक्का काही दिवस आमच्याकडे आली. एका सकाळी ती आणि माझी बायको गच्चीवर जुन्या धोतरावर ज्वारीचे बिबडे, म्हणजे जाडसर पापड, घालत होत्या. मी पाण्याची बादली वर नेली. अक्का बायकोला सांगत होती, “माणूस सोन्यासारखा गं. पण एवढी साधी अक्कल नव्हती, की फ्यूजच्या जागी तार बांधू नये.”

मी बादली खाली ठेवली आणि म्हणालो, “अक्का, तार त्यांनी बांधली नव्हती.”

मग सगळं सांगितलं. फ्यूज पुढे का हवा, मी तो मागे का नेला, पुढे दुसरा का बसवला नाही, गॅरेजमागे आम्ही काय पाहिलं, दाजी काय म्हणाले. ती थापणं न थांबवता ऐकत होती. एक बिबडा झाला, दुसरा झाला. तिसऱ्याला तिचा हात थांबला.

“त्यांना माहीत होतं?”

“हो.”

“आणि तुलाही.”

“हो.”

“मग मलाच तेवढं माहीत नव्हतं,” ती म्हणाली. “मी त्यांना शेवटपर्यंत बोलत राहिले, भाऊ. जेवायला वाढताना बोलले. हाताला तेल लावताना बोलले. गेले त्या दिवशी सकाळी डबा देताना बोलले. ते आता मी कोणापाशी परत घेऊ?”

माझी बायको तिच्याजवळ सरकली. अक्काने तिचा हात हलकेच बाजूला केला, बादलीत हात धुतले आणि मला म्हणाली, “मला गाडीत बसवून दे.” बिबड्यांचं पीठ अर्धं तसंच राहिलं.

मी तिला स्टँडवर नेऊन एसटीत बसवलं. पाच-सहा आठवडे तिने माझा फोन उचलला नाही. मग आखाजी जवळ आली आणि तिचाच फोन आला. मी बोलायला लागलो तर म्हणाली, “मुराळी म्हणून येऊ नको. त्यांची पहिली घागर भरायची आहे. गच्चीवर मला सांगितलंस ते इथे सगळ्यांसमोर सांग.”

आखाजी हा लेकींचा सण तसाच पितरांचाही. गेलेल्या माणसाच्या नावाने मातीची घागर पाण्याने भरतात, तिच्यावर छोटं मडकं, वर खरबूज, आंबे, सांजोऱ्या ठेवतात. गोवरीच्या निखाऱ्यावर तूप सोडून पुरणपोळीचा घास टाकतात, त्याला आगारी म्हणतात. मी पोचलो तेव्हा घागर मांडून झाली होती. दाजींचे थोरले भाऊ, ज्यांना सगळे नाना म्हणतात, निखारे फुंकत होते. भावकीतली माणसं भिंतीला टेकून बसली होती. अक्का दाराच्या चौकटीशी उभी होती. तिने मला बसायला सांगितलं नाही.

मी उभ्यानेच बोललो. त्यांतल्या कोणालाच वायरिंग कळत नव्हतं. म्हणून नळाची गोष्ट सांगितली. म्हणालो, टाकीजवळचा कॉक बंद केला की पुढे पाइप कुठेही फुटला तरी पाणी जात नाही. कॉक पाइपच्या शेवटी असला तर मध्ये फुटलेल्या ठिकाणाहून सगळी टाकी रिकामी होते. दाजींच्या गाडीतला कॉक मी शेवटी नेला. मला माहीत असून नेला. त्यांनी तार वगैरे काही बांधली नव्हती. ते माझ्यासाठी, म्हणजे खरं तर अक्कासाठी, खोटं बोलले.

नानांनी विचारलं, “म्हणजे त्याची काहीच चूक नव्हती?”

“नव्हती, नाना.”

नाना निखाऱ्यांकडे बघत राहिले. “याच ओट्यावर मी त्याला चार लोकांत येडा म्हणालो होतो,” ते म्हणाले. “तो हसला होता.” मग त्यांनी तुपाची वाटी उचलली, निखाऱ्यावर तूप सोडलं आणि घास टाकला. धूर झाला. एकेक करून सगळ्यांनी घास टाकले. माझी पाळी आली तेव्हा मी अक्काकडे पाहिलं. तिने मान हलवली, म्हणून मीही टाकला.

तिने मला जेवू घातलं. स्वतः वाढलं, रस दोनदा वाढला, पण समोर बसली नाही. मी हात धुऊन निघालो तेव्हा विचारायचं धाडस केलं. “अक्का, येतेस का? दोर बांधून ठेवलाय.”

ती म्हणाली, “माझं माहेर त्यांनी सांभाळलं होतं, भाऊ. ते गेले.”

मी चपला घालत होतो तेव्हा ती आत गेली आणि स्टीलचा एक डबा घेऊन आली. “तुझ्या बायकोला दे. सांजोऱ्या आहेत.” तुझ्यासाठी असं ती म्हणाली नाही.

पारोळा, एरंडोल करत मी घरी आलो. बायको दारात होती. तिने माझ्या मागे पाहिलं, मग डबा घेतला आणि आत गेली. मी निंबाचा दोर सोडायला गेलो, तर गाठ मी नेहमीपेक्षा घट्ट मारलेली होती. ती सुटेना. दोर तसाच राहिला. गल्लीतल्या मुली दोन दिवस त्यावर झुलल्या.

हल्ली दुकानात कोणी फ्यूज मागे घ्या म्हणालं की मी काम घेत नाही. कोणाची सिस्टीम दुसरीकडे बसवलेली असली तरी बॉनेट उघडून बघतो. गिऱ्हाईकं चिडतात. यामुळे काही भरून येतं असं मला वाटत नाही.

डबा अजून आमच्याकडे आहे. बायकोने घासून फळीवर ठेवलाय. डबा रिकामा परत करत नाहीत, काहीतरी घालून द्यावं लागतं. त्यात काय घालावं हे मी बायकोला दोनदा विचारलं. ती म्हणाली, तुम्हीच ठरवा, धुळ्याला तुम्हालाच जायचंय.